जुनो-१०६ चा एक आवाज गेला : दुरुस्ती करू, की नव्याने बनवलेलं यंत्र घेऊ?

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी वडशाच्या एका झाडीपट्टी नाटक कंपनीत ऑर्गन वाजवतो. पायपेटी आमच्याकडून केव्हाच गेली, पण कीबोर्डवाल्याला अजून ऑर्गनवालाच म्हणतात. धान निघालं की मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्रभर नाटक. दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत आमचा हंगाम, म्हणून आता घाई आहे.

माझ्याकडे काकाचा रोलँड कंपनीचा जुनो-१०६ सिंथेसायझर आहे, १९८४ साली आलेलं मॉडेल. काका मुंबईत ऑर्केस्ट्रात वाजवायचा. गावी परतताना त्याने तो सेकंडहँड आणला, मी दहावीत असताना माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "आधी फक्त ऐक." एका वेळी सहा सूर बोलतात त्यात. म्हणजे बोलायचे. आता सहा बोटं एकेक करून ठेवली की पाच सूर स्वच्छ येतात आणि एकावर नुसती खरखर. कधी तीही नाही. खोट कोणत्या बोटाखाली येईल याचा भरवसा नाही. गेल्या वर्षी शहरात एका मेकॅनिककडे टाकला होता. तीन महिने ठेवून घेतला, पैसे घेतले, आणि परत आला तेव्हा खरखर तशीच होती, वरून फिल्टरच्या, म्हणजे आवाज दबका-उघडा करणाऱ्या भागाच्या, स्लायडरची टोपी गायब.

तोच का हवा, ते सांगतो. नाटकात लेक निघते, बाप दारात उभा असतो. मी डाव्या हाताने तीन सुरांचा आधार धरतो, आवाज दाट करणाऱ्या कोरसचं दुसरं बटण दाबलेलं असतं, आणि उजव्या हाताचं बोट फिल्टरच्या स्लायडरवर. बाप बोलतो तोवर स्लायडर खाली, आवाज गोधडीखालून आल्यासारखा. त्याचा गळा दाटला की स्लायडर करंगळीच्या पेराएवढा वर. काही बदललं हे लोकांना कळत नाही, पण समोरच्या बाया पदर डोळ्याला लावतात. हेच मी दोन वर्षं एका नव्या कीबोर्डवर करून पाहिलं. त्यात पाचशेच्या वर आवाज आहेत, पण फिल्टर मेन्यूच्या तिसऱ्या पानावर. तिथपर्यंत पोचतो तोवर बापाचं वाक्य संपलेलं असतं.

जुनी यंत्रं कंपन्या पुन्हा बनवतात असं वाचतो. त्यातलं एखादं धुळीत, थंडीत, जनरेटरवर रात्रभर चालेल का? की जुनाच जिवंत करायचा? ज्यांनी खरोखर वाजवलं आहे त्यांनी सांगावं.

सोल्डरवाला बापू (अमरावती)

पोरा, आता तो कोणाच्या हाती देऊ नको. दुखणं ओळखीचं आहे.

जुनो-१०६ मध्ये दर आवाजाला एक मॉड्यूल असतं, नंबर ८००१७ए. त्या आवाजाचा फिल्टर आणि आवाज कमी-जास्त करणारा भाग दोन्ही त्यात. सहा आवाजांना सहा मॉड्यूलं. त्यांच्यावर राळेसारखा काळा थर चढवलेला आहे. वर्षं गेली तसा तो थर स्वतःच थोडी थोडी वीज वाहू द्यायला लागतो, आत गळती सुरू होते आणि खरखर ऐकू येते. शेवटी तो आवाज मुका होतो. जगभरच्या १०६ ना हेच होतं, तुझ्या काकाने काही वाईट वापरला म्हणून नाही.

उपाय दोन. एक, मॉड्यूल बोर्डावरून सोडवायचं, दोन-तीन दिवस ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवायचं, थर मऊ झाला की नखाने-ब्रशने हलकेच काढायचा, वाळवून परत लावायचं. बरीच मॉड्यूलं याने बोलायला लागतात, सगळी नाही. दुसरा, त्याच मापाची, त्याच पायांची नवीन मॉड्यूलं आज बनतात, ती मागवायची. मला तर नव्याने बनवणं म्हटलं की आधी हीच आठवतात. अख्खं यंत्र नाही, त्यातला मेलेला एक अवयव कोणीतरी बसून पुन्हा घडवला, आणि चाळीस वर्षांचं यंत्र उठून उभं राहिलं.

आधी मागची पाटी वाचून सांग किती व्होल्ट लिहिलंय. जपानातल्या विक्रीचा नग १०० व्होल्टचा असतो. तो सरळ आपल्या २३० वर लावला की ट्रान्सफॉर्मर जातो, मग मॉड्यूलचं दुखणं बाजूलाच राहतं.

वैनगंगाकाठ

बापू, पाटीवर २४० आहे. जीव भांड्यात पडला.

वऱ्हाडी सूर (अकोला जिल्हा)

बापूंनी जुन्याचं सांगितलं, मी नव्याचं सांगतो. "पुन्हा बनवलेलं" या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू येतात, आणि इथेच माणूस फसतो.

पहिली म्हणजे मूळ कंपनीने तेच सर्किट पुन्हा काढलेलं. मूग कंपनीने मिनीमूग सिंथेसायझर २०१६ मध्ये परत बनवला. मूळ १९७० चा. कोर्गने एमएस-२० मिनी २०१३ मध्ये काढला, मूळ १९७८ चा, आकार ८६ टक्के. सिक्वेन्शियलने प्रॉफेट-५ ची चौथी आवृत्ती २०२० मध्ये आणली, आणि ती तर मूळ कर्त्याच्या, डेव्ह स्मिथच्याच हातची. तिच्यात एक नॉब आहे जो फिरवला की जुन्या नगांचा अस्थिरपणा थोडा थोडा येतो. जो दोष घालवायला १९७८ मध्ये माणसं रात्री जागली, तो आज मोजून हवा तेवढा घेता येतो. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

दुसरी, दुसऱ्याच कंपनीने तसंच सर्किट बांधून कमी किमतीत विकलेली. बेरिंजर कंपनीचं मिनीमूगवरून केलेलं मॉडेल डी, रोलँडच्या ३०३ या बेसच्या यंत्रावरून केलेलं टीडी-३, ही त्यातली. आत ॲनालॉगच आहे, म्हणजे संगणक नाही, खरं सर्किट.

तिसरी म्हणजे आत संगणक आणि बाहेर जुना चेहरा. रोलँडची बुटीक मालिका बहुतेक अशी आहे. जुन्या सर्किटचा एकेक भाग कसा वागतो त्याचं गणित करून चिपमध्ये बसवलं आहे. तुझ्या कामाचं जेयू-०६ए यातच येतं, २०१९ चं. एका खटक्यावर जुनो-६०, दुसऱ्यावर १०६.

माझ्याकडे एमएस-२० मिनी आहे. आमच्या गावातल्या भजनी मंडळात खंजिरी वाजते, तुकडोजी महाराजांच्या भजनांची परंपरा. एमएस-२० ला बाहेरचा आवाज आत घेणारा वेगळा भाग आहे. मी खंजिरीसमोर माईक ठेवला, तो तिथे जोडला, आणि थापेच्या जोराने फिल्टर उघडेल अशी वायर लावली. हलकी थाप पडली की खर्जाचा सूर दबका निघतो, कडक पडली की तोच सूर तोंड उघडतो. खंजिरीवाल्या काकांना मी काही समजावून सांगितलं नव्हतं. चार थापांत त्यांना कळलं की सूर आपल्या हाताखाली आहे, मग अर्धा तास त्यांनी मला थांबू दिलं नाही.

पण जपून. मिनीमूगच्या धर्तीचं तीन ऑसिलेटरचं, म्हणजे सूर काढणाऱ्या तीन भागांचं, एक यंत्र मी मे महिन्यात पत्र्याच्या मंडपात नेलं होतं. दुपारी घरी कूलरसमोर सुरात लावलेलं. मंडपात तासाभरात पेटीशी जमेना. वरच्या सप्तकात गेलो की गाणारे माझ्याकडे वळून पाहायचे.

सोल्डरवाला बापू

ते का होतं ते सांगतो, कारण वैनगंगाकाठच्या पोराने असं यंत्र घेतलं तर थंडीत उलट्या बाजूने तेच भोगावं लागेल.

अशा ॲनालॉग ऑसिलेटरमध्ये एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. हा हिशोब ट्रान्झिस्टरच्या एका जोडीवर चालतो, आणि ट्रान्झिस्टरचा हिशोब तापमानावर. समजा काहीच बंदोबस्त केला नाही. संध्याकाळी ३० अंशांवर सूर लावला आणि पहाटे यंत्र १२ अंशांवर आलं, तर सा ते वरचा सा या अंतरात सहा टक्क्यांचा फरक पडतो. बारा पट्ट्यांच्या जागी जवळपास पावणेतेरा. म्हणून त्यात तापमानाप्रमाणे बदलणारा खास रेझिस्टर घालतात, त्याने चूक बरीच आटोक्यात येते, पूर्ण जात नाही. प्रॉफेटसारख्या यंत्रात स्वतःला सुरात लावून घेण्याची सोय असते. साध्या यंत्रात ती तुझ्या कानावर आणि हातावर.

आता चांगली बातमी. जुनोला हा ताप नाही. त्याचा ऑसिलेटर डीसीओ, म्हणजे सुराचं माप डिजिटल घड्याळ ठरवतं. त्या ठोक्याला मे महिना काय आणि पौष काय. फिल्टर तेवढा ॲनालॉग आहे, पण तो थोडा सरकला तर आवाजाचा रंग बदलेल, सूर नाही ढळणार. तुझ्या काकाने रात्रभराच्या कामासाठी नेमकं यंत्र निवडलं होतं.

पॅडवाला, यवतमाळकडचा

मी धुमालमध्ये, म्हणजे वरातीच्या ढोल-बँडमध्ये, पॅड वाजवतो, तरी बोलतोच भाऊ. सगळे जुनोवरच बोलून राहिले, ३०३ चं कोणी नावच नाही घेऊन राहिलं! रोलँड टीबी-३०३, १९८१ मध्ये आलं. एकट्या गिटारवाल्याले बेसचा साथीदार भेटावा म्हणून बनवलं होतं. चाललंच नाही. १९८४ पर्यंत बंद बी झालं. मग ते सेकंडहँड स्वस्तात भेटू लागलं, शिकागोच्या पोरांनी घेतलं अन् त्यातून ॲसिड हाऊस नावाचं नाचाचं संगीत निघालं.

पण त्याच्या आधी, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग नावाच्या वादकानं ३०३, ८०८ हे ठेक्याचं यंत्र अन् ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड काढली. तेव्हा कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती परत निघाली तवा दुनिया चाट पडली. मी ती ऐकली अन् मले समजलं का ३०३ मध्ये स्लाइड काऊन आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते ना ते, मींडेच्या जवळ जाते. पेटीवर ते होतच नाही. म्हणून मी टीडी-३ घेतलं. हळदीच्या रात्री ढोलाखाली चालवतो. भोंग्यातून असं निघते का म्हातारे बी उभे होतात. असली ३०३ घ्यायची तर वावर विकावं लागन. हे नसतं तर माह्यासारख्याच्या हाती तो आवाज कधीच आला नसता.

तालीम मास्तर (भंडारा)

सगळं वाचतो आहे. एक गोष्ट मनाला लागते म्हणून लिहितो. दुसऱ्याचं सर्किट जसंच्या तसं बांधायचं, चेहराही तसाच ठेवायचा, आणि ज्याने डोकं चालवलं त्याला काहीच नाही, हे मला पटत नाही. पेटंटची मुदत संपली असेल, कायद्याने चूक नसेल. तरी कोर्गने एआरपी कंपनीचा जुना ओडिसी सिंथेसायझर २०१५ मध्ये परत काढताना मूळ कंपनीच्या संस्थापकांपैकी डेव्हिड फ्रेंड यांना सोबत घेतलं, ती रीत मला बरी वाटते.

पॅडवाला, यवतमाळकडचा

मास्तर, तुमचा मान ठेवून सांगतो. रीत बरी आहे, पण मजुरी करून वाजवणाऱ्यानं काय करावं जी?

तालीम मास्तर

तुमचा प्रश्न खरा आहे, रात्री बराच वेळ त्यावर विचार केला. माझ्यासमोर पेटी ठेवलेली होती. ही पेटी तरी कुठली? हार्मोनियम पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात दबेनने पेटंट केली. ती पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे आणला, हाताने चालेल आणि जमिनीवर बसून वाजेल अशी केली. ती नक्कल होती का? मी पन्नास वर्षं तिच्यावर पोरं शिकवली, मला ती परकी वाटली नाही. म्हणजे पुन्हा बनवण्याला माझा विरोध नाही. बनवणाऱ्याने आपल्या बसण्याचा, आपल्या हाताचा विचार केला तर ती वस्तू नवी होते. नुसता चेहरा उचलला तर नाही. टीडी-३ तुम्ही हळदीच्या ढोलाखाली नेलं, तो विचार तुम्ही केला, कंपनीने नाही. तुमचं वाजवणं मला ऐकायला आवडेल.

गोंदियाची रेवा

माझ्याकडे जेयू-०६ए तीन वर्षं आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनांपासून लग्नांपर्यंत वापरलं. वैनगंगाकाठ दादा, घेण्याआधी हे वाचा.

आवाज तुमच्या जुनोच्या इतका जवळ आहे की माईक-भोंग्यातून कोणालाच फरक सांगता येणार नाही. हेडफोनवर मला कोरस जरा जास्त स्वच्छ वाटतो. मूळ यंत्रातला तो मागचा 'हिस्स' इथे कमी. यूएसबीवर चालतं, म्हणजे पॉवर बँकेवर, नाहीतर चार पेन्सिल सेलवर. मंडपात लाइन गेली, जनरेटर सुरू होईपर्यंत सगळं बंद, आणि माझा आधाराचा सूर चालूच, असं दोनदा झालंय. नाटकात याची किंमत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

पण आवाज चारच आहेत, सहा नाहीत. तुम्ही डाव्या हाताने तीन सूर धरता. उजव्याला एकच उरला. दुसरा सूर लावला की आधीच्यातला एक गपकन जातो, आणि सूर सोडल्यावर मागे रेंगाळणारी शेपटी लांब ठेवली असेल तर आणखी लवकर. मी आता डाव्या हातात दोनच सूर धरते, सा आणि प, गंधार उजव्या हाताकडे सोपवते. सवय व्हायला महिना लागला.

आणि स्लायडर बारीक आहेत. तुमचं ते करंगळीच्या पेराचं काम इथे तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरात करावं लागेल. मी स्लायडरच्या टोकाला सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा तुकडा चढवला आहे, फक्त फिल्टरच्या. अंधारात बोटाला रबर लागलं की तोच. पट्ट्या त्याला नसतात, दुसरा कीबोर्ड मिडीने, म्हणजे कोणती पट्टी दाबली हे दुसऱ्या यंत्राला कळवणाऱ्या वायरने, जोडावा लागतो. तुमच्याकडे तर तो आहेच!

वैनगंगाकाठ

रेवाताई, शेवटचं वाक्य नीट कळलं नाही. कोणता कीबोर्ड?

गोंदियाची रेवा

तुमचा जुनो! त्याला मागे मिडी आऊट आहे. पाच पिनांची गोल वायर तिथून जेयू-०६ए च्या मिडी इनमध्ये लावा. जुनोचा व्हॉल्यूम शून्य. पट्ट्या काकांच्या जुनोच्या, आवाज नव्याचा. आतला एक आवाज मेला असला तरी पट्ट्यांना त्याचं काही नाही.

सोल्डरवाला बापू

शाबास पोरी. मिडी १९८३ मध्ये ठरलं, त्याच डेव्ह स्मिथ आणि रोलँडच्या काकेहाशींच्या पुढाकाराने. १९८४ च्या यंत्राची वायर २०१९ च्या यंत्राला सरळ लागते. सगळ्या कंपन्यांनी मिळून एक भाषा ठरवली म्हणून हे शक्य झालं.

वैनगंगाकाठ (अठरा दिवसांनी)

मंडळी, सगळं सांगतो.

बापूंनी व्हिडिओ कॉलवर बसवून माझ्याकडून जुनो उघडून घेतला. आत काकाच्या वेळची धूळ आणि एक वाळलेली पाल निघाली. मॉड्यूलचे पाय सोडवायला दोन संध्याकाळी लागल्या. बापू सारखे ओरडत होते, "गरम जास्त नको, बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलेल." फक्त खरखरणारंच नाही, सहाही काढली, कारण आज एक गेलं तर उद्या दुसरं. लोणच्याच्या बरणीत ॲसिटोन, झाकण घट्ट, बरणी गोठ्याच्या मागे, चुलीपासून लांब. तिसऱ्या दिवशी थर सायीसारखा सुटला. पाच मॉड्यूलं स्वच्छ बोलली. सहावं बोलतं, पण त्याचा फिल्टर बाकीच्यांपेक्षा आधी उघडतो. आतले ट्रिमर, म्हणजे जुळवायचे बारीक स्क्रू, फिरवायला लावून बापूंनी जवळ आणलं, तरी मला ऐकू येतं. त्याच्या जागी नवीन बनवलेलं मॉड्यूल मागवलं आहे.

रेवाताईंनी त्यांचं जेयू-०६ए आठ दिवसांसाठी पाठवलं, हे उपकार मी विसरणार नाही. तालमीत दोन्ही लावली. पहिल्या दिवशी चार आवाजांत माझा आधार तुटत होता. मग ताईंची रीत धरली, डाव्या हातात सा आणि प. आधार मोकळा झाला, आणि नटाच्या आवाजाला मधे जास्त जागा मिळाली. आमच्या दिग्दर्शकाने विचारलं, "आज काय वेगळं करतोयस?" वीस वर्षांत त्यांनी मला कधी असं विचारलं नव्हतं.

ठरवलं आहे ते असं. जेयू-०६ए घेणार, पहिल्या दोन प्रयोगांच्या बिदागीतून. हंगामात काकाचा जुनो खाली, पट्ट्यांसाठी आणि लेक निघण्याच्या प्रवेशासाठी. वर नवं यंत्र पॉवर बँकेवर. जुनोने रात्री दगा दिला तर पट्ट्या तशाच राहतील, वायर आधीच लावलेली असेल.

टोपीचं राहिलं. हरवलेल्या स्लायडरवर मीही व्हॉल्व्हट्यूब चढवली आहे. काल काका तालमीला आला होता, आता दिसतं कमी. त्याने जुनोवर हात फिरवला, रबराशी थांबला आणि म्हणाला, "हा फिल्टर ना?" मग स्वतःच तो हळूहळू वर नेला. मी सूर धरून बसलो होतो.

सोल्डरवाला बापू

नवीन मॉड्यूल आलं की लावण्याआधी फोन कर. पायांची दिशा एकदा मला दाखव, मगच सोल्डर.